धाकट्याला हवं असलेलं पत्र

रविवार, 17 ऑक्टोबर 2021, नॉरफोक

चर्चमधली मिस्सा आटोपून घरात पाऊल ठेवतेय तोच धाकट्याचा फोन. "मम्मी, तुझं एक पत्र लागेल."

तो अमेरिकेच्या नेव्हीत आहे. तिथे कोविडची लस सक्तीची झालीय, मुदत 28 नोव्हेंबर. त्याला ती नकोय. धर्माच्या कारणावरून सूट मागायचा अर्ज करतोय, आणि याची श्रद्धा खरी आहे असं कुणी लिहून दिलं तर बरं म्हणे. मागितलं कुणाकडे, तर नर्स असलेल्या आईकडे! गेल्या डिसेंबरात लस आली तेव्हा मी पहिल्या रांगेत दंड पुढे केला होता. वॉर्डात जे पाहिलं ते अजून झोपू देत नाही.

त्याची हरकत पेशींवर आहे. फायझर, मॉडर्नाच्या चाचण्यांत वापरलेल्या पेशी 1973 च्या सुमारास गर्भपातातल्या एका गर्भापासून वाढवलेल्या. मी म्हटलं, "रुबेलाच्या लशीतला विषाणूसुद्धा असल्याच पेशींवर वाढवतात. ती तुला मांडीवर धरून मी टोचून आणलीय."

"तेव्हा मला विचारलं नव्हतंस."

यावर काय बोलणार?

बुधवारी त्याची चॅप्लेनकडे, म्हणजे नेव्हीतल्या धर्मगुरूकडे, मुलाखत आहे. लस चांगली की वाईट, हे चॅप्लेन ठरवत नाही. माणूस मनापासून बोलतोय का, त्याचं वागणं बोलण्याशी जुळतं का, एवढंच बघून वर लिहून कळवतो. आणि सुरुवातीलाच सांगतो की इथलं बोलणं गुप्त राहणार नाही. मन मोकळं करायचं तर दुसऱ्या चॅप्लेनकडे जा. वसईला कन्फेशनच्या जाळीपुढे गुडघे टेकत वाढलेल्या मला हे ऐकूनच कसंसं झालं.

चर्चने तरी एक काय ते सांगावं! रोमने गेल्या डिसेंबरातच म्हटलंय, दुसरी लस मिळत नसेल तर ही घेण्यात पाप नाही. पोप तर ऑगस्टमध्ये म्हणाले, लस घेणं ही प्रेमाची कृती आहे. आणि परवा मंगळवारी इथल्या लष्कराचे आर्चबिशप ब्रॉग्लिओ म्हणाले, ज्याचं मन घेत नाही त्याच्यावर जबरदस्ती नको. धाकट्याने मला ब्रॉग्लिओ पाठवले, मी त्याला पोप पाठवले.

त्याची श्रद्धा खरी आहे का? पंधराव्या वर्षापासून हा मुलगा नाताळपुरता चर्चला यायचा. मग गेल्या वर्षी बोटीवरून परतला आणि दर रविवारी जायला लागला. का, ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण गेल्या महिन्यात सुट्टीवर आला होता तेव्हाचं आठवतं. मी सुरमई तळून ताट टेबलावर ठेवलं आणि मीठ आणायला आत गेले. दारातून पाहिलं तर हा एकटाच बसलेला, पोटात कावळे ओरडत असणार, पण डोळे मिटून क्रुसाची खूण करून झाल्यावरच त्याने तुकडा मोडला. मी बघतेय हे त्याला ठाऊक नव्हतं.

तेवढंच लिहिलं. सुरमई, ताट, क्रुसाची खूण. लशीबद्दल एक अक्षर नाही, ना बाजूने, ना विरुद्ध.

सही करताना सवयीने नावापुढे 'आरएन', म्हणजे रजिस्टर्ड नर्स, असं लिहून गेले. कागद फाडला आणि पत्र पुन्हा लिहून काढलं.