काड्यांच्या पाकिटावरचं गणित

१३ डिसेंबर २०२५, शनिवार, रात्री

१९८१ साली आजच्याच तारखेला पोलंड सकाळी जागा झाला तो लष्करी कायद्यातच. टेलिफोन मुके, रस्त्यांवर रणगाडे, सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेचे पुढारी रातोरात उचललेले आणि टीव्हीवर काळा चष्मा लावलेले कम्युनिस्ट राजवटीचे प्रमुख जनरल यारुझेल्स्की. दरवर्षी ही तारीख आली की मी त्या काळातलं काहीतरी वाचायला घेते. यंदा वाचतेय त्या वॉर्सातली अमेरिकन वकिलात आणि वॉशिंग्टन यांच्यातल्या राजनैतिक तारा. गोपनीयता उठल्यामुळे आता त्या कुणालाही वाचता येतात.

तारांआधी मात्र स्पासोव्स्की आठवतात. रोमुआल्ड स्पासोव्स्की तेव्हा वॉशिंग्टनमध्ये पोलंडचे राजदूत होते. त्याआधी साठच्या दशकाच्या अखेरीस ते आपल्या दिल्लीतही राजदूत होते. आयुष्यभर ज्या राजवटीची चाकरी केली, तिच्याशी त्यांनी लष्करी कायदा लागल्यानंतर आठवड्याभरात नातं तोडलं आणि अमेरिकेकडे आसरा मागितला. २२ डिसेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन त्यांना भेटले. स्पासोव्स्कींनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. पोलंडच्या लोकांसाठी व्हाइट हाउसच्या खिडकीत एक मेणबत्ती लावा, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी रेगननी दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशाला नाताळच्या आदल्या रात्री तशीच मेणबत्ती लावायला सांगितलं. तिकडे पोलंडमध्ये स्पासोव्स्कींच्या गैरहजेरीत खटला चालवून त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला.

पुढे निर्बंध आले. पोलिश विमानांना अमेरिकेत उतरायला बंदी, अमेरिकी पाण्यात मासेमारीला बंदी, नवं कर्ज बंद. संबंध इतके खाली गेले की १९८३ पासून पाच वर्षं वॉर्सात अमेरिकेचा राजदूतच नव्हता. जॉन डेव्हिस हे प्रभारी म्हणून वकिलात सांभाळत होते. कागदावर बघितलं तर दोन्ही देशांचं नातं याहून पातळ कधी झालं नसेल. पण डेव्हिस आणि त्यांच्या पत्नी हेलन यांच्या घरच्या जेवणाच्या टेबलाशी त्याच वर्षांत गेरेमेक, ओनिश्किएविच असे सॉलिडॅरिटीचे लोक येऊन बसत. त्यातले काही नुकतेच तुरुंगातून सुटलेले असत. सरकारी पातळीवर जे बोलणं बंद होतं, ते तिथे चालू राहिलं.

मी आज ज्या तारेपाशी अडकले ती २३ जून १९८९ ची. तोवर डेव्हिस रीतसर राजदूत झाले होते. जूनमधल्या निवडणुकीत सॉलिडॅरिटीनं सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या होत्या आणि सेयममध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, खुल्या ठेवलेल्या १६१ च्या १६१; बाकीच्या जागा सत्ताधाऱ्यांसाठी राखीव होत्या. मात्र त्याआधी सरकार आणि सॉलिडॅरिटी यांच्यात झालेल्या गोलमेज चर्चेत न लिहिता ठरलेलं होतं की राष्ट्राध्यक्ष यारुझेल्स्कीच होणार. आता पेच असा, की ज्यांना त्यांनी तुरुंगात टाकलं त्यांनीच त्यांना मत कसं द्यायचं? मतदारांना तोंड कसं दाखवायचं? आणि नाही निवडून आणलं तर मॉस्को काय करेल? सोव्हिएत फौजा तेव्हा पोलंडमध्येच होत्या. त्यांच्या लढाऊ तुकड्या बाहेर पडल्या त्या १९९२ मध्ये.

सॉलिडॅरिटीच्या नेत्यांबरोबर जेवताना डेव्हिसनी वकिलातीचं आगकाड्यांचं पाकीट घेतलं आणि त्याच्या पाठीवर आकडे मांडून दाखवले. दोन्ही सभागृहं मिळून ५६०. सत्ताधारी आघाडीचे २९९. तुमच्यातले पुरेसे सभासद त्या दिवशी आजारी पडले, किंवा आले तरी मत देऊ शकले नाहीत, तर कुणालाही यारुझेल्स्कींच्या बाजूनं हात वर न करता ते निवडून येतात. तारेचा विषयच असा आहे, ‘यारुझेल्स्कींना मत न देता त्यांना निवडून कसं आणायचं’. मी वही काढून ते गणित स्वतः करून पाहिलं. १९ जुलैला मत पडलं: बाजूनं २७०, विरुद्ध २३३, तटस्थ ३४, बाद ७. वैध मतं ५३७ झाली, निम्म्याहून जास्त म्हणजे २६९ हवी होती. एका मतानं निभावलं. ती बाद झालेली सात मतं विरोधात पडली असती तर २७३ लागली असती आणि यारुझेल्स्की पडले असते. मतपत्रिका मुद्दाम बाद करणारे सॉलिडॅरिटीचे सभासद त्या क्षणी मनात काय घेऊन उभे असतील, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मेणबत्तीनंतर आठ वर्षांनी त्याच जनरलसाठी अमेरिकेनं गणित मांडून द्यावं, हे पचायला जड आहे. जुलैमध्ये वॉर्साला आलेल्या अध्यक्ष बुशनीही यारुझेल्स्कींना उभं राहण्याचा आग्रह केला होता. अनेक पोलिश लोकांना हा विश्वासघात वाटतो आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही. तरीही माझं मत डेव्हिसच्या बाजूनं पडतं. कारण मी कोल्हापूरची आहे.

वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरिया, कझाकस्तान, इराण असा फेरा घालून ती पंचगंगेच्या काठी आली होती. आज तिथे गांधीनगर आहे, ही गर्दीची बाजारपेठ. त्या माणसांची घरं पूर्व पोलंडमध्ये होती आणि लढाई संपली की परत जायचं, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. छावणी उघडली त्याच वर्षी १ डिसेंबरला तेहरानमध्ये रूझवेल्टनी स्टालिनना खासगीत सांगितलं की पोलंडची सीमा पश्चिमेकडे सरकवायला, म्हणजे पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे जायला, आपली हरकत नाही. फक्त हे आत्ता जाहीर करता येणार नाही, कारण अमेरिकेत पोलिश वंशाचे साठ-सत्तर लाख लोक आहेत आणि पुढच्या वर्षी निवडणूक आहे. जून १९४४ मध्ये लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचे पंतप्रधान मिकोवायचिक वॉशिंग्टनला गेले. रूझवेल्टनी त्यांचं अगत्यानं स्वागत केलं, पण तेहरानमध्ये काय दिलं ते त्यांच्या कानावर घातलं नाही. ते त्यांना कळलं ऑक्टोबरमध्ये मॉस्कोत, चर्चिलसमोर आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोवच्या तोंडून. मित्रराष्ट्रानं आपला मुलूख दिला, हे ज्याला दिला त्याच्याकडून ऐकायचं! ५ जुलै १९४५ ला अमेरिकेनं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. वळिवड्यातल्या बायकांचं घर तर त्याआधीच गेलेलं होतं, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

तेव्हा संबंध वरवर पाहता उत्तम होते. राजदूत होते, मेजवान्या होत्या, दोन्ही देश एकाच बाजूनं लढत होते. १९८९ मध्येही मोठ्या सत्तेच्या भीतीनं तडजोडच झाली, तीही कडू. पण या वेळी ती पोलिश माणसांच्या टेबलावर झाली, आकडे त्यांच्या डोळ्यांसमोर मांडले गेले आणि मत बाद करायचं की विरोधात टाकायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. पुढच्याच महिन्यात, २४ ऑगस्टला, सॉलिडॅरिटीचे ताडेउश माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले. यारुझेल्स्कींनी अडवलं नाही.

डेव्हिसनी हे त्या जेवणानंतर लगेच लिहिलं आहे, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना. म्हणून ती तार मला कुठल्याही आठवणींच्या पुस्तकापेक्षा मोलाची वाटते. पोलिश बाजूनं लिहिलेलं काही भाषांतरात मिळतं का ते शोधायला हवं, नाहीतर सगळी कहाणी अमेरिकन वकिलातीच्या खिडकीतूनच बघत राहीन.

उद्या १९९० कडे जायचंय. कुवेतवरच्या स्वारीनंतर इराकमध्ये अडकलेल्या सहा अमेरिकनांना पोलिश गुप्तचरांनी बाहेर काढलं. ज्या खात्यानं काल-परवापर्यंत अमेरिकेविरुद्ध हेरगिरी केली, त्याचेच हे अधिकारी. पुढच्या वर्षी धनको देशांनी पोलंडवरचं निम्मं कर्ज माफ करायचं ठरवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी किती संबंध होता ते नीट वाचून बघते.