पांढऱ्या राहिलेल्या माश्या

कोषातून नुकतीच बाहेर पडलेली फळमाशी दुधाळ, मऊ असते आणि तिचे पंख घडी घालून पाठीशी चिकटलेले असतात. थोड्या वेळाने पंख पसरतात, अंग टणक होतं, रंग चढतो. त्याआधी हाती मिळतात ती जेमतेम काही मिनिटं. तेवढ्यात केसासारख्या दोऱ्याने तिची मान आवळली, की डोक्याकडून येणारा निरोप तिथेच तुटतो. माशी पाय हलवत राहते, पण रंग चढत नाही. 1962 मध्ये ब्लोफ्लाय या मोठ्या माशीवर असेच प्रयोग झाले, त्यातून अंग टणक करून रंग चढवणारं बर्सिकॉन हे संप्रेरक कळलं. नाव ग्रीक, कातडं कमावण्यावरून आलेलं. इतकं चपखल नाव क्वचितच सापडतं.

त्या दिवशी माझ्यापुढे साध्या माश्या होत्या आणि ‘रिकेट्स’ जनुक बिघडलेल्याही. या जनुकातून बर्सिकॉनचा ग्राही, म्हणजे त्याचा निरोप झेलणारा पेशीवरचा रेणू, तयार होतो. बिघडलेल्या माश्यांचे पाय वाकडे असतात, म्हणून त्याला मुडदुसाचं नाव. दोन्हींच्या माना आवळून मी काचेच्या सुईने बर्सिकॉन असलेला चेतासंस्थेचा अर्क टोचला. साध्या माश्या काळवंडल्या. रिकेट्सच्या तशाच पांढऱ्या.

असंच व्हायला हवं, हे वाचलेलं होतं. 2002 मध्ये ते छापूनही आलंय. तरी डोळ्यांसमोर काहीच घडत नाही, तेव्हा पहिला संशय स्वतःच्या हातावरच येतो. सुई नीट शिरली नसेल? टोचतानाच माशी मेली असेल? मी पुन्हा टोचलं. पुन्हा पांढऱ्या.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाल्या, “आता सायक्लिक एएमपी देऊन बघ.”

बर्सिकॉन ग्राहीला चिकटलं, की पेशीच्या आत हाच रेणू वाढतो आणि पुढचं काम सुरू करतो. म्हणजे ग्राहीला वगळून थेट आतूनच सुरुवात करायची. पेशीत शिरू शकेल असं त्याचं बदललेलं रूप आमच्याकडे होतं. ते रिकेट्सच्या माशीला टोचून मी डोळा लावून बसले. बराच वेळ काही नाही. मग पोटावरच्या पट्ट्या किंचित तपकिरी वाटल्या. दिव्याचा भास असेल म्हणून प्रकाश कमी-जास्त करून पाहिला. भास नव्हता. पट्ट्या गडद होत गेल्या, पाठीवरही रंग चढला.

सकाळपासून जिचं शरीर बंद पडलंय असं वाटत होतं, तिच्यात फक्त एक दुवा कमी होता. बाकी सगळं जागच्या जागी, तयार. माझे डोळे भरून आले.

त्या नादात वेळ नोंदवायची राहिली. अंदाजाने लिहिणं पटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी नव्या माश्या घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसले.