‘गोळी घेता ना?’

बुधवार, रात्र

पेशंटना फोन करून औषधांची विचारपूस करायची, हे माझं काम. त्यातल्या मिरजेच्या काकांचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४३ आला. सकाळपासून तो आकडा डोक्यातून जात नाहीये.

मागच्या तिन्ही फोनला ‘औषधे नियमित’ समोर मीच ‘हो’ टाकलंय. तिन्ही वेळा विचारलं होतं, “काका, गोळी रोज घेता ना?” आणि तिन्ही वेळा पलीकडून खणखणीत उत्तर, “हो मॅडम, रोज!”

पायाची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा एलडीएल १५१ होता. अ‍ॅटोर्वास्टॅटिन ८० ही कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी ६८. आणि आता १४३. लग्नसराईत चार दिवस भजी-जिलेबी झाली तर एवढं चढत नाही. आठवड्यातून एखाददुसरी गोळी राहिली तरी नाही. ती उडी लहान असते. थायरॉईड बिघडलं तर चढू शकतं, पण त्यांचं ठीक आहे. आकडा निघाला तिथेच जवळपास परत येऊन बसला की गोळी पूर्ण बंद समजायची, आणि तीही काही आठवडे तरी.

मग ‘हो’ का म्हणाले?

दुपारपर्यंत नुसतं वाईट वाटत राहिलं. दिवसाला वीस-बावीस नंबर लावायचे. निम्मे उचलत नाहीत. तीन-चार जण “लोन नको” म्हणून ठेवून देतात. उचलला तर “बाबा रानात गेलेत”. जो माणूस फोनवर मिळतो, त्याच्याशी दहा-बारा मिनिटं घसा कोरडा करायचा आणि त्यानंही तोंडावर खोटं सांगावं? वरचे सर म्हणाले, मनावर घेऊ नका. मनावर न घेता हे काम कसं करायचं, तेही सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

अडीचला परत लावला. जेवणं झालेली असतात, आणि शाळा सकाळची असेल तर नातू घरी असतो. नातू लागतोच, पाकिटावरचं बारीक इंग्रजी वाचायला. “काका, औषधांचा डबा आणा. आहेत तेवढी सगळी पाकिटं काढा. एकेक करून नाव, पुढचा आकडा आणि किती उरल्यात ते सांगा.” यातही भानगड असते. निम्म्या गोळ्या काढल्या की पाकिटावरचं नाव फाटतं, मिलिग्रॅमचा आकडाच कागदासकट गेलेला असतो. म्हणून पहिल्या फोनलाच सांगायचं असतं, की तारीख छापलेल्या बाजूच्या गोळ्या शेवटी काढा. काकांना ते सांगितलं होतं की नाही, आठवत नाही.

नातवानं वाचलं. अ‍ॅस्पिरिन ७५. क्लोपिडोग्रेल ७५. टेल्मिसार्टन ४०. संपलं.

“चौथी कुठाय? कोलेस्टेरॉलची?”

“ती होय? ती बंद केली की. रिपोर्ट नॉर्मल आला न्हवं.”

“पण तुम्ही तर म्हणाला होता रोज घेतो.”

“घेतो की रोज. रक्त पातळ व्हायची. तीच विचारत होता ना तुम्ही?”

काय बोलणार. चार गोळ्यांच्या माणसाला मी ‘गोळी’ विचारत होते. नाव नाही, आकडा नाही. आणि शेपटाला ‘ना’. घेता ना? या प्रश्नात ‘नाही’ म्हणायला जागाच नाही. आपल्याकडे वडीलधारी माणसं ‘ना’ला ‘हो’ म्हणून मोकळी होतात. समोरचीला वाईट वाटू नये म्हणून. म्हणजे काका माझं मन राखत होते, आणि मी त्यांच्या नावापुढे टिक करत होते.

नीट विचारायची पद्धत काही मला माहीत नाही असं नाही. नवीन आलेल्या मुलींना मीच शिकवते. “बऱ्याच जणांची एखादी राहून जाते. तुमची गेल्या आठवड्यात कुठली आणि किती वेळा राहिली?” असं विचारायचं. ‘राहिली का’ असं नाही, ‘किती वेळा’ असं. मग मोजणी: पाकीट पंधराचं, आणलं कधी, उरल्या किती. उत्तराला आकडा असला तर फॉर्मवर लिहायचं, नुसता होकार आला तर काहीच कळलेलं नाही असं धरायचं. हे सगळं शिकवून मी स्वतः तीनदा ‘ना’ लावला.

‘नॉर्मल’चं मूळही सापडलं. लॅबच्या कागदावर एलडीएलसमोर ‘१०० च्या खाली’ छापलेलं असतं. ६८ ला ना ठळक अक्षर ना चांदणी, म्हणजे माणूस बरा झाला. ती मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी असते. पायाच्या नसा अरुंद झालेल्याला ती लागू नाही. त्याला ५५ च्या खाली हवा, आणि सुरुवातीच्या आकड्याच्या निम्म्याहून कमीही हवा. काकांचा ६८ हा तिथवरचा रस्ता होता. डोस आधीच ८० चा, म्हणजे वाढवायला जागा नाही, एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडायची वेळ आली होती; ती साधारण वीस टक्के आणखी उतरवते. (नुसता डोस दुप्पट केला तर जेमतेम सहा टक्के उतरतं, हे लोकांना पटतच नाही.) आम्ही पुढच्या पायरीचा विचार करत होतो आणि काका जिना उतरून घरी गेले होते.

“पायाची नस तर मोकळी केली, आता कशाला?” हेही त्यांनी विचारलं, आणि रास्त विचारलं. मी सांगितलं ते असं: स्टेंटनं पाइपातला वीतभर तुकडा मोकळा झाला. तोच पाइप वर हृदयाला जातो, मेंदूला जातो, तिथली आतली साय गोळी धरून ठेवते. गप्प झाले. पटलं की कंटाळले, फोनवर कळत नाही. हेच या कामातलं सगळ्यात अवघड.

बाकी त्यांनी गोळी दुखण्यामुळे सोडली नव्हती, एवढं बरं. तो घोळ जास्त चिवट असतो. चालल्यावर एका पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत जातो, ते नसेचं दुखणं. दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे बसल्याजागीही ठणकत असतील तर गोळीचा संशय घ्यायचा, तोही स्वतः बंद न करता, कळवून. पेशंटला दोन्ही सारखीच. ज्या आजाराची गोळी, त्याच आजाराच्या दुखण्याला गोळीचं दुखणं समजून ती सोडून देतात.

काकूंशी तेलाचं बोलायचं राहिलं. चार माणसांत महिन्याला पाच लिटरचा डबा. पुढच्या वेळी.

मेलबर्नच्या सहा रुग्णालयांतला तो अभ्यास आठवला, २००३ मध्ये छापून आलेला. हृदयाचे ७९२ पेशंट. फोनवाल्यांचं एकूण कोलेस्टेरॉल सरासरी २१ नं उतरलं, बाकीच्यांचं ७ नं. त्यात फोन करणारी बाई पेशंटला त्याचा आकडा आणि हवा तो आकडा पाठ करून घ्यायची, आणि डॉक्टरांकडे जाऊन तूच औषधाचं विचार म्हणायची. आपल्याकडे हे शेवटचं अडतं. “डॉक्टरांना आपण काय सांगायचं?” म्हणून मी चिठ्ठी लिहून घेते: आत्ता एवढा, हवा एवढा. फाइलच्या अगदी वर पिनेनं लावा म्हणते. न बोलता डॉक्टरांसमोर जाते. काकांची चिठ्ठी ६८ ला लिहून घ्यायला हवी होती. तेव्हा ‘छान, छान’ म्हणून फोन ठेवला होता मी.

जाऊ दे.

सरांनी पुन्हा ८० लिहून दिली. सहा आठवड्यांनी तपासणी. फॉर्ममध्ये फक्त ‘हो’ आणि ‘नाही’, तिसरं काही टाकता येत नाही, म्हणून शेऱ्यात लिहिलं: ‘अ‍ॅटोर्वास्टॅटिनचे पाकीट घरात नाही, नातवाने पाहिले.’

संध्याकाळी सात वाजता काकांचाच फोन, औषधाच्या दुकानातून. “मॅडम, ८० ची नाही म्हणतोय, ४० च्या दोन देऊ का म्हणतोय.”

“चालतील काका. दोन्ही एकदम घ्यायच्या, रात्री जेवणानंतर. कळलं ना?”

“हो मॅडम.”

जीभ चावली. म्हटलं, “मग मला सांगा बघू, कशा घेणार?”

“एक सकाळी, एक रात्री.”

तशीही चालली असती म्हणा, औषध तेवढंच जातं पोटात. पण मी परत सांगितलं, त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं, आणि तोवर दुकानदारानं तिसऱ्या गिऱ्हाइकाला वाटेला लावलं होतं.