गुडघेदुखी आणि व्यायाम: मनातलं कागदावर कसं आणायचं

'व्यायाम गुडघ्यांसाठी चांगला असतो का?' असं विचारलं की गुडघ्याच्या संधिवाताचे बहुतेक रुग्ण 'हो' म्हणतात. त्या 'हो'वरून फारसं काही कळत नाही. पटणं, आवडणं आणि भीती न वाटणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, रुग्णांसाठी प्रश्नावली बनवताना त्या सुट्या सुट्याच मोजाव्या लागतात.

समजा, तिन्हींसाठी चार-चार विधानं आहेत आणि प्रत्येकाला 1 (अजिबात असहमत) ते 5 (पूर्ण सहमत) गुण. एकाला फायदा पटण्याचे 20, आवडीचे 12 आणि निर्धास्तपणाचे 4 मिळाले. दुसऱ्याला तिन्हीकडे 12. बेरीज दोघांचीही 36! पहिल्याला फायदे समजावण्यात वेळ घालवू नका, त्याला 'गुडघा झिजेल' या भीतीने धरून ठेवलंय. दुसऱ्याचं अजून कशातच काही ठरलेलं नाही. एकूण बेरजेत हा फरक बुडतो, म्हणून गुण वेगळेच मांडावेत. क्रोनबाखचा अल्फाही (एका गटातली विधानं एकमेकांशी किती जुळतात, हे सांगणारा आकडा) प्रत्येक गटाचा वेगळा काढावा. 0.70च्या वर असेल तर सहसा चालतो, पण 0.95च्या पुढे गेला तर एकच प्रश्न शब्द बदलून विचारला गेलाय का, ते तपासा.

'नियमित व्यायाम' एवढंच लिहिलं तर कुणी फिरणं समजतं, कुणी घरकाम, कुणी उठाबशा. त्यामुळे वर्तन नेमकं लिहा: 'पुढचे 3 महिने, आठवड्यातून 3 दिवस, 30 मिनिटं, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम'. 'दुखणं कमी होतं आणि चालणं सुधारतं' हे एक विधान नव्हे, दोन आहेत. तोडा.

उलट अर्थाची विधानं हवीतच, नाहीतर काही जण सरसकट 'सहमत'वर खुणा करत जातात. पण 'मला भीती वाटत नाही' याला 'असहमत' म्हणताना माणूस गोंधळतो. त्यापेक्षा सरळ लिहा: 'व्यायामाने गुडघा आणखी झिजेल असं मला वाटतं.' अशा उलट विधानाचे गुण मोजताना 6 मधून उत्तर वजा करायचं, म्हणजे 5 चा 1 होतो. हे विसरलं तर सगळ्यात घाबरलेला रुग्ण सगळ्यात निर्धास्त दिसतो.

त्या दिवशीची वेदना 0 ते 10 वर आधीच नोंदवा. दुखऱ्या दिवशीचं उत्तर वेगळं येतं. उत्तरं तीच राहतात का हे पाहायला दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेताना वेदना बदललेल्यांना बाजूला काढलं नाही, तर प्रश्नावलीच बेभरवशाची वाटते. आणि व्यायाम शिकवणाऱ्यानेच प्रश्न वाचून दाखवू नयेत. त्याच्या तोंडावर 'कंटाळा येतो' कोण म्हणणार?

मधल्या 3वर खास लक्ष ठेवा. 'थोडं हो, थोडं नाही', 'माहीत नाही' आणि 'प्रश्नच कळला नाही', तिघेही तिथेच खूण करतात. 'माहीत नाही'साठी वेगळा चौकोन द्या आणि त्याला 3 गुण देऊ नका.