लोमोव पाणी प्यायला का?

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आमच्या छोट्या नाट्यसंस्थेत अंतोन चेकॉव्हच्या एका एकांकिकेच्या तालमी चालू होत्या. हीच एकांकिका मी नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात केली होती. त्या वेळी मी तिचा नायक लोमोव झालो होतो. आता दिग्दर्शक झालो आहे, कारण लोमोवचे वय संहितेत ३५ दिले आहे आणि ते मी केव्हाच ओलांडले. चेकॉव्हने १८९१ मध्ये एका बँकेच्या पंधराव्या वर्धापनदिनावरही एक एकांकिका लिहिली होती. तिचे नावच ‘जुबिली’, त्यामुळे या स्मरणिकेला खरे तर तीच शोभली असती. परंतु तिच्यात समारंभाचा जो बोजवारा उडतो तो लक्षात घेता तिचा एवढाच उल्लेख पुरे.

आमच्या एकांकिकेचे रशियन नाव ‘प्रेदलोझेनिये’. त्याचा सरळ अर्थ ‘प्रस्ताव’, पण प्रस्ताव सभेतही मांडतात. मुलीला घालतात ती मागणी. म्हणून नववीत आमच्या शाळेतल्या बाईंनी वर्गात फळ्यावर ‘मागणी’ असे लिहिले होते आणि आम्हीही तेच नाव ठेवले. त्या रशियन शब्दाचा ‘वाक्य’ असाही अर्थ आहे, हे मला फार उशिरा कळले. तेव्हापासून हे नाव मला अधिकच आवडू लागले, कारण जे एक वाक्य मुलीसमोर उच्चारण्यासाठी लोमोव टेलकोट आणि पांढरे हातमोजे घालून शेजारच्या घरी येतो, ते त्याच्या तोंडून शेवटपर्यंत बाहेर पडत नाही.

१८८८ मध्ये लिहिलेल्या या खेळात पात्रे तीनच आहेत: जमीनदार चुबुकोव, त्याची पंचवीस वर्षांची मुलगी नताल्या आणि शेजारचा जमीनदार लोमोव. चुबुकोवला आधी वाटते की स्वारी उसने पैसे मागायला आली असावी. खरे कारण कळताच तो आनंदाने मुलीला पाठवतो, पण का पाठवतोय ते तिला सांगत नाही. लोमोव लांबण लावतो, दोन्ही घराण्यांचा स्नेह सांगता सांगता आपल्या कुरणाचा उल्लेख करतो, नताल्या म्हणते की कुरण आमचे, आणि मागणी तिथेच बुडते. तो गेल्यावर तिला कळते की तो मागणी घालायला आला होता. ती रडून-ओरडून त्याला परत बोलावून आणवते आणि मग शिकारी कुत्रा कोणाचा चांगला यावरून दुसरे भांडण जुंपते. लग्न ठरते ते भांडणाच्या मधोमध, लोमोव मूर्च्छेतून धड सावरलेलाही नसताना, आणि ठरल्यानंतरही भांडण थांबत नाही. मुलीचा बाप शॅम्पेन आणा म्हणून ओरडत राहतो.

छोट्या संस्था या एकांकिकेकडे पुन्हा पुन्हा का वळतात, याचे उत्तर व्यावहारिक आहे. नट तीन, खोली एक, प्रकाशयोजनेत बदल नाही, मध्ये काळ जात नाही, आणि चाळीस मिनिटांच्या आत पडदा. चेकॉव्ह १९०४ मध्ये वारला, त्यामुळे मूळ संहितेच्या हक्कांचा प्रश्न उरलेला नाही. अनुवादकाचे हक्क मात्र वेगळे असतात, ही गोष्ट पुष्कळ हौशी मंडळी विसरतात. आम्ही विसरलो नाही, पण त्यामुळे अनुवाद आम्हालाच करावा लागला आणि आमचे निम्मे हाल तिथे झाले.

परंतु आधी शाळेविषयी. नववीतला माझा लोमोव लोकप्रिय झाला होता, हे मी संकोच न बाळगता सांगतो. मी भुवया उडवल्या, लंगडलो, छाती धरून तीन वेळा गिरक्या घेतल्या आणि मूर्च्छेच्या वेळी खुर्चीसकट आडवा झालो. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. पडदा पडल्यावर मी बाईंच्या शाबासकीची वाट पाहत विंगेत उभा राहिलो. त्यांनी टेबलावरचा पेला उचलला, माझ्यासमोर धरला आणि विचारले, “लोमोव पाणी प्यायला का रे?” पेला काठोकाठ भरलेला होता. बाईंनी तो स्वतः भरून ठेवला होता, आणि मी घाईघाईने नुसताच ओठाला लावून खाली ठेवला होता. “त्याला खरंच धाप लागलीय. त्याला पाणी हवंय, टाळ्या नकोत,” एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढच्या कार्यक्रमाच्या मुलांना गोळा करायला निघून गेल्या. मला त्यांचा राग आला होता. चौदाव्या वर्षी शिट्ट्यांपुढे पेला कोण मोजतो?

आता अनुवादाविषयी. लोमोव कुरणाचा इतिहास सांगतो ते वाक्य असे: त्याच्या मावशीच्या आजीने नताल्याच्या वडिलांच्या आजोबांच्या शेतकऱ्यांना ती कुरणे बेमुदत आणि फुकट वापरायला दिली, कारण ते शेतकरी तिच्यासाठी विटा भाजत असत. पहिल्या वाचनाला आमच्यातल्या एकाने सुचवले की ‘वडिलांचे आजोबा’ कशाला, मराठीत ‘पणजोबा’ असा सुटसुटीत शब्द आहे. शब्द आहे, पण सुटसुटीत होणे हेच तर लोमोवला जमत नाही! तो माणूस नात्यांच्या षष्ठीत अडकत जातो आणि आपण त्याला हात देऊन बाहेर काढले तर प्रसंगच संपतो. ‘पणजोबा’ कापला.

मावशीने अधिक छळले. मुळातला रशियन शब्द आईची बहीण आणि वडिलांची बहीण या दोघींनाही चालतो; मराठीत निवड करावीच लागते. जमीन लोमोवला याच बाईकडून आणि तिच्या नवऱ्याकडून वारशाने मिळालेली आहे. नताल्याचे काम करणारी आमची नटी म्हणाली, आत्या हवी, जमीन वडिलांकडच्या नात्यातून येते. चुबुकोवचे काम करणारे गृहस्थ म्हणाले, आत्या लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली आणि नवऱ्यासकट तिची जमीन भाच्याला मिळाली, तर मग मावशीनेच काय घोडे मारले? दोघांचेही आवाज चढले. कोणाच्या तरी खऱ्या मावशीच्या मृत्युपत्राचा विषय निघाला. अर्धा तास असा गेल्यावर लोमोवचे काम करणारा नट कोपऱ्यातून शांतपणे म्हणाला की आपण सध्या जे करतो आहोत तेच प्रेक्षकांसमोर करायचे आहे, फक्त आत्ता कोणी हसत नाहीये. आम्ही मावशी ठेवली. कारण एवढेच, की ‘मावशीच्या आजीने’ म्हणताना नटाचा श्वास बरोबर योग्य ठिकाणी तुटत होता.

पण त्या अर्ध्या तासाने आमचे काम सोपे केले, कारण तोवर नटांना कुरणाचे भांडण ‘गमतीचे’ वाटत होते. लोमोवचे एक वाक्य संहितेत अर्धे तुटते: तो सांगत असतो की शेतकऱ्यांनी चाळीसेक वर्षे कुरणे वापरली, त्यांना ती आपलीच वाटू लागली, आणि पुढे तो नवा कायदा आला तेव्हा... इथे नताल्या त्याला तोडते. हा कायदा म्हणजे १८६१ मध्ये रशियात भूदासांची मुक्तता करणारा कायदा, ज्याच्यामुळे कोणती जमीन जमीनदाराची आणि कोणती शेतकऱ्यांच्या वाट्याची, हे नव्याने ठरवावे लागले. म्हणजे भांडणाला खरोखर बूड आहे, फक्त कोणी कोणाला ते वाक्य पुरे करू देत नाही. नताल्याच्याच तोंडी कुरणाचा हिशोब येतो: पाच देस्यातिना, म्हणजे साधारण साडेपाच हेक्टर, किंमत फार तर ३०० रूबल. आणि लोमोवने आपल्या ‘उगादाय’ नावाच्या कुत्र्यासाठी १२५ रूबल मोजले आहेत. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की दुसरे भांडण पहिल्यापेक्षा पोरकट वाटेनासे होते. चुबुकोवच्या कुत्र्याचा खालचा जबडा आखूड आहे, हा लोमोवचा आक्षेप नटाने पशुवैद्याच्या गांभीर्याने घेतला पाहिजे.

तालमीत आणखी एक गोष्ट आपोआप घडू लागली होती. भांडण पेटले की नट अरे-तुरेवर यायचे. मूळ संहितेत लोमोव आणि नताल्या एकमेकांना आदरार्थीच बोलतात, आणि आम्ही ठरवले की मराठीतही ‘अहो’ सोडायचे नाही. ‘तू खोटारडा आहेस’ हे साधे भांडण झाले. ‘तुम्ही खोटारडे आहात’ असे हातमोजे घातलेला माणूस थरथरत म्हणतो तेव्हा त्यातले सौजन्य आणि संताप एकमेकांचा गळा धरतात. चुबुकोव तर प्रत्येक शिवीनंतरही आपले ‘वगैरे वगैरे’ सोडत नाही. ती त्याची लकब मुळातलीच आहे. तो एकदा हताश होऊन जे म्हणतो, की वयात आलेल्या मुलीचा बाप होणे ही काय आपत्ती आहे, ते ग्रिबोयेदोवच्या एका प्रसिद्ध नाटकातले वाक्य आहे आणि रशियन प्रेक्षक ते ओळखतो. मराठीत ती ओळख हरवते. तिच्या जागी आपल्या एखाद्या संगीत नाटकातली ओळ घालावी, असा मोह मला झाला होता. मी तो आवरला, याचे श्रेय मला कोणी अजून दिलेले नाही.

आमच्या लोमोवची अडचण वेगळी होती. तो हुशार विनोदी नट आहे आणि पहिल्या आठवड्यात त्याने आम्हा सर्वांना पोट धरून हसवले. दुसऱ्या आठवड्यात कोणीच हसेना. त्याने युक्त्या वाढवल्या: मूर्च्छेआधी एक गिरकी, मग दोन. गिरकी पाहून मला माझीच नववीतली खुर्ची आठवली. मेयरहोल्डसारख्या दिग्दर्शकानेही १९३५ मध्ये मॉस्कोत ‘जुबिली’, ‘अस्वल’ आणि ‘मागणी’ या चेकॉव्हच्या तीन एकांकिका एकत्र करून त्यांतल्या मूर्च्छा मोजल्या, त्या ३३ भरल्या म्हणून प्रयोगाचे नावच ‘तेहेतीस मूर्च्छा’ ठेवले आणि प्रत्येकीला संगीताची साथ दिली; कल्पना चतुर होती, पण त्या चतुराईखाली विनोद दबला, हे पुढे त्यालाही मान्य करावे लागले. आमच्याकडे तर वादकही नव्हते.

मग मी नटाला सर्व युक्त्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि संहितेतून फक्त आजार वेचून काढायला सांगितले. छातीत धडधड, उजव्या डोळ्याजवळ फडफड, डाव्या कुशीत कळ, बधिर झालेला पाय, रात्री झोप लागते न लागते तोच अंथरुणातून उठवणारी उसळी. चेकॉव्ह १८८४ पासून डॉक्टर होता, आणि माझ्या मते ही यादी विनोदी लेखकाची नसून डॉक्टरने लक्ष देऊन ऐकलेली तक्रार आहे. लोमोव एकटा असतो तेव्हा ही लक्षणे तो आपल्याशी बोलून दाखवतो. विरोध झाला की तीच एकेक करून हजर होतात. नटाने ठरवले की पाय बधिर झाला की तो प्रयोग संपेपर्यंत बधिरच राहील, टाळीसाठी बरा होणार नाही. त्या संध्याकाळी तो पाय ओढत दाराकडे जाताना कुरणावरचा शेवटचा मुद्दा मांडायला वळला आणि आम्ही तालमीत दहा दिवसांनी पहिल्यांदा हसलो. प्रॉम्प्टर इतका हसला की पुढची ओळ कोणालाच मिळाली नाही.

पहिल्या प्रयोगाला पाण्याचा पेला मी स्वतः भरला. बाईंना निमंत्रण पाठवायला आता पत्ता उरलेला नाही. मी विंगेत उभा राहून प्रेक्षकांकडे कमी आणि टेबलाकडे जास्त पाहत होतो. कुरणाचे भांडण झाले, लोमोव गेला, परत आला, कुत्रे निघाले, जबडा निघाला, नताल्याचा आवाज नको तितका वर गेला आणि मूर्च्छा ठरलेल्या जागेपेक्षा हातभर डावीकडे झाली. पडदा पडताच मी आधी पेला पाहिला. तो रिकामा होता. मात्र निम्मे पाणी भाड्याच्या टेलकोटावर सांडले होते, आणि ड्रेपरीवाल्याला ते कोणी सांगायचे यावरून रंगपटात नताल्या आणि चुबुकोव एव्हाना भांडू लागले होते.