दुखणं, गोळ्या आणि रात्रीचा अडलेला श्वास

पाठ किंवा सांधे महिनोन्‌महिने दुखत असलेल्या माणसाला सकाळी कसं वाटतं, असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं. अंग आंबलेलं, डोकं जड, झोप होऊनही न झाल्यासारखी. खापर दुखण्यावर फुटतं. घरचे तेच म्हणतात, डॉक्टरही अनेकदा तेच धरून चालतात आणि पेशंटलाही ते पटतं. म्हणून एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: झोपेत श्वास थांबतो का?

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि हवेची वाट अरुंद होते किंवा मिटते. छाती आणि पोट श्वास ओढायला धडपडतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. हा अडथळ्याचा स्लीप ॲप्निया. निदान 10 सेकंद श्वास थांबला किंवा बराच मंदावला, तर ती एक घटना धरतात. तासाला 5 ते 15 घटना म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र. 30 म्हणजे दर दोन मिनिटांनी एक.

अशी तुकड्या-तुकड्यांची झोप दुखणं वाढवते. झोप मोडत राहिली तर धडधाकट माणसाचीही वेदना सोसण्याची ताकद घटते, मग आधीच दुखणाऱ्याचं काय होत असेल! वेदनेमुळे झोप मोडते हे सगळ्यांना माहीत असतं, पण मोडलेल्या झोपेमुळे वेदना चढते ही दुसरी बाजू क्वचितच कोणी सांगतं.

झोपायच्या पद्धतीचाही यात वाटा आहे. खांदा दुखतो म्हणून कुशीवर झोपता येत नाही, कंबर धरते म्हणून गुडघ्यांखाली उशी घेऊन उताणं झोपायची सवय लागते. उताणं झोपल्यावर जीभ आपल्याच वजनाने मागे पडते आणि बहुतेकांचा ॲप्निया त्याच स्थितीत सर्वांत वाईट असतो. हालचाल कमी झाल्याने वजन वाढतं. नसांच्या दुखण्यावर देतात त्या प्रीगाबालिन, गाबापेन्टिन आणि ॲमिट्रिप्टिलिननेही ते वाढू शकतं. मानेभोवती चरबी साठली की वाट आणखी आवळते.

गोळ्यांबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फीन, फेंटानिलची पट्टी ही सगळी ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या वेदनाशामकांच्या गटातली औषधं. श्वासाची लय मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी ठरवतात आणि ही औषधं त्याच पेशींना मंद करतात. त्यामुळे वेगळ्याच प्रकारचा ॲप्निया होऊ शकतो. त्यात घसा उघडा असतो, पण श्वास घ्यायचा हुकूमच मेंदूकडून येत नाही. छाती हलत नाही, घोरणंही नसतं. शेजारी झोपलेल्याला वाटतं, आज किती शांत झोप लागली आहे. डोस जितका जास्त तितका हा धोका जास्त. ओपिऑइडच्या जोडीला क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखं चिंता कमी करणारं, गुंगी आणणारं औषध घेतलं तर श्वास आणखी दबतो. 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या जोडीबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. 2019 मध्ये याच संस्थेने गाबापेन्टिन आणि प्रीगाबालिनबद्दलही इशारा दिला, विशेषतः वयस्कर माणसं, फुप्फुसाचा आजार असलेले आणि गुंगी आणणारी इतर औषधं घेणारे यांच्यासाठी. त्यावर रात्री दारू घेतली तर धोका आणखी वाढतो. फेंटानिलच्या पट्टीवर शेकायची पिशवी ठेवणंही घातक आहे, कारण उष्णतेने औषध वेगाने रक्तात उतरतं.

हे वाचून कोणीही गोळ्या एकदम बंद करू नयेत. ओपिऑइड अचानक थांबवल्यास शरीराला त्याचा त्रास होतो. डोस कमी करायचा तर डॉक्टरांबरोबर, पायरीपायरीने. पण माणूस हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद किंवा गुरगुरता येत असेल, ओठ निळसर पडले असतील, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच तातडीची वैद्यकीय मदत बोलवा.

चाळणीसाठी स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादी वापरतात: घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिलं का, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 35 च्या वर, वय 50 च्या वर, मानेचा घेर साधारण 40 सेंमीच्या वर आणि पुरुष असणं. 3 किंवा 4 'हो' आले तर मध्यम धोका, 5 पासून पुढे जास्त. पण दुखणं असलेल्यांच्या बाबतीत कमी गुण आले म्हणून निश्चिंत होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बायकांमध्ये घोरण्यापेक्षा निद्रानाश, सकाळची डोकेदुखी आणि थकवा हीच लक्षणं पुढे असतात, तर ओपिऑइडच्या ॲप्नियात घोरणं नसूही शकतं. दिवसा जागेपणी बोटाला ऑक्सिमीटर लावून 98 दिसलं, तर त्यावरून रात्रीबद्दल काहीच कळत नाही.

घरी करायची तपासणी सोयीची असते, पण इथे ती फसवू शकते. तिच्यात मेंदूच्या लहरी सहसा मोजत नाहीत, म्हणून घटनांना भागाकार झोपेच्या तासांनी नाही, तर नोंदीच्या तासांनी होतो. समजा, 70 घटना झाल्या. यंत्र 7 तास चाललं, म्हणून आकडा आला 10, म्हणजे सौम्य. प्रत्यक्षात दुखण्यामुळे झोप 4 तासच लागली होती, तर खरा आकडा 17.5, म्हणजे मध्यम. नियमित ओपिऑइड घेणाऱ्याने प्रयोगशाळेतली पूर्ण रात्रीची पॉलिसोम्नोग्राफीच, म्हणजे मेंदूच्या लहरींसकट झोपेची तपासणी, मागावी. जाताना सगळ्या गोळ्यांची यादी डोस आणि वेळेसकट न्यावी. रोजची औषधं त्या रात्री स्वतःहून वगळू नयेत. नाहीतर नोंद होते ती भलत्याच रात्रीची.

उपचारात सीपॅप यंत्र पहिलं. ते मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवतं. दाब 4 ते 20 सेंमी उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. मास्क बसून घट्ट करणं ही नेहमीची चूक. झोपून, यंत्र चालू ठेवून पट्टे जुळवावेत, नाहीतर कूस बदलताच हवा गळते आणि मग पट्टे आणखी आवळले जातात. मान दुखत असेल तर नळी डोक्यावरून टांगून घ्यावी, म्हणजे तिचा ओढा मानेवर येत नाही. बोटं आखडलेल्यांना चुंबकाच्या क्लिपचा मास्क सोपा पडतो, पण पेसमेकर, मज्जारज्जूला वेदनेसाठी बसवलेलं स्टिम्युलेटर किंवा औषधाचा पंप शरीरात असेल तर बिनचुंबकाचाच घ्यावा. जबडा दुखणाऱ्यांना खालचा जबडा पुढे ओढणारं दातांचं उपकरण बहुधा सोसत नाही. ओपिऑइड चालू असताना सीपॅप लावूनही यंत्राच्या नोंदीत तासाला बऱ्याच घटना उरत असतील आणि हवाही गळत नसेल, तर मेंदूकडून थांबणारा श्वास शिल्लक आहे का, हे बघायला सांगा. तिथे नुसता दाब वाढवून भागत नाही.

उताणं झोपण्यावाचून इलाज नसेल तर उशांची चळत रचू नये. हनुवटी छातीला टेकते आणि वाट उलट आवळते. कंबरेपासून धड वर उचलणारी उतरती गादी घ्यावी. कुशीवर जमत असेल तर पाठीमागे लोड आणि गुडघ्यांमध्ये उशी.

आणि दुखण्यासाठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना ॲप्नियाबद्दल आधीच सांगा, यंत्र आणि मास्क सोबत न्या. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री वेदनाशामकांचा डोस जास्त असतो, माणूस बहुधा उताणाच असतो आणि यंत्र नेमकं घरी राहिलेलं असतं.