मोजणीला डोंगर सोपा, मैदान अवघड

सपाट मुलखाचा नकाशा काढणं सोपं, असं वाटतं खरं. त्रिकोणांची मोजणी, म्हणजे दूरदूरच्या ठाण्यांमधले कोन घेऊन अंतरं काढणं, असेल तर प्रकार नेमका उलटा. कन्याकुमारीकडून डेहराडूनकडे ७८ अंश रेखांशालगत गेलेली एकोणिसाव्या शतकातली त्रिकोणमाळ आपल्या ग्वाल्हेर भागातूनच वर सरकते. मध्य भारतातल्या सिरोंजच्या आसपास टेकड्यांनी साथ दिली. चंबळेपलीकडे गंगा-यमुनेमधल्या सपाट दुआबात उतरल्यावर मात्र मोजणीप्रमुख जॉर्ज एव्हरेस्टच्या पथकांना उंची विकत घ्यावी लागली, म्हणजे मनोरे बांधावे लागले.

कारण पृथ्वीचा बाक. मैलांचा वर्ग करा, आठ इंचांनी गुणा, तेवढी जमीन नजरेच्या रेघेखाली झुकते. दहा मैलांना ८०० इंच, जवळजवळ ६७ फूट. हवेत किरण वाकतो म्हणून साधारण सातवा हिस्सा वजा, उरले ५७. वीस मैलांवरची दोन ठाणी एकमेकांना दिसायची तर मध्य दोघांपासून दहा मैलांवर, म्हणून दोन्हीकडे एवढी उंची हवी, तीही मधे आमराई नसेल तर! शिवाय नजरेची रेघ जमिनीला घासून गेली की तापलेल्या हवेत खूण नाचते, म्हणून वर आणखी काही फूट. थिओडोलाइटचा, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीचा, खांब आणि माणसाच्या उभं राहण्याचा माचा वेगळे ठेवायचे, नाहीतर पावलागणिक पाणसळीचा बुडबुडा हलतो.

वेळही पाहावी लागते. आडवे कोन संध्याकाळी किंवा रात्री दिव्यावर घ्यायचे. उभे कोन दुपारी, कारण किरणाचं वाकणं तेव्हा सर्वांत कमी असतं आणि फारसं बदलत नाही. खूण थरथरली तरी चालेल. त्रिकोणमितीच्या तासाला हे कुणी सांगत नाही.

सगळ्याचा आधार म्हणजे पायारेषा, जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली त्रिकोणाची बाजू. सिरोंजची रेषा १८२४ मध्ये साखळीने मोजली. शंभर फुटी पोलादी साखळी २० अंश सेल्सिअसने तापली की पाव इंचाहून जास्त वाढते. सात मैलांत ही चूक आठ फुटांवर जाते. साखळीशेजारी थर्मामीटर ठेवून दुरुस्ती करत, पण पारा हवेचं तापमान सांगतो, लोखंडाचं नाही. १८३७-३८ मध्ये तीच रेषा ब्रिटिश मोजणी अधिकारी कोल्बीच्या दुहेरी कांबींनी पुन्हा मोजली: दहा फुटी लोखंड आणि पितळ मध्यावर जोडलेलं, टोकांना आडव्या पट्ट्या, त्यांवर सूक्ष्म ठिपके. पितळ जास्त वाढतं, पट्टी कलते, ठिपका जागेवर राहतो. सहा कांबींचा संच, मधल्या सूक्ष्मदर्शकांची अंतरं धरून, ६३ फूट भरतो. यातही खोच आहे. दोन्ही धातू एकाच वेगाने तापत नाहीत. उन्हाची तिरीप एका बाजूला पडली की ठिपका सरकलाच, म्हणून सगळं काम तंबूच्या सावलीत.